पाकीट खालून वाचायचं

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

सकाळी फोनवर आई म्हणाली, "ते मधात गोल गोल फिरून राहिलं होतं, मी घाबरून झाकणच लावून टाकलं." मी घाईत होते. "अगं, लोड होतंय, थांब ना जरा," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. दिवसभर ते टोचत राहिलं. लोड होतंय म्हणजे काय, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. सीताबर्डीहून लॅपटॉप आणून तीन आठवडे झाले, तरी तो दिवाणावर टॉवेलखालीच आहे, हे नंतर बाबांनी सांगितलं. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलेलं विरून जातं. कागद लॅपटॉपशेजारी ठेवता येईल, आणि पाकीट फोडताना बाबांचा चेहरा कसा होतो ते मला इथूनही दिसतं.

आधी भीतीचं बोलू. बटणं दाबून लॅपटॉप बिघडत नाही. भलतंच काही उघडलं तर डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातलं एस्केप दाबा, नाही तर खिडकीच्या उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करा. लिहिलेलं पुसलं गेलं तर कंट्रोल दाबून धरा आणि झेड दाबा, ते परत येतं. ते गोल फिरणं म्हणजे तो कामात आहे किंवा नेटवरून काही यायची वाट बघतोय. त्याला मिनिटभर द्या.

तो बिघडतो पाण्यानं, पडण्यानं आणि उन्हाळ्यानं. आपल्याकडे नागपूरला पारा 45 च्या वर जातो, आणि लॅपटॉपच्या पोटात छोटा पंखा असतो, तो खालच्या जाळीतून हवा ओढतो. दिवाणावर, गादीवर ठेवला की जाळी बुजते आणि तो तापतो. लाकडी टेबलावर ठेवा. आणि कूलरच्या तोंडासमोर अजिबात नको, ताट्यांतून तुषार उडतात. टॉवेल फक्त बंद असताना, चालू असताना नाही.

आता बाबांचा प्रश्न. दुकानदार म्हणाला, "8 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी." बाबांनी विचारलं, दोन आकडे काहून? आई, हे तुला सगळ्यात लवकर कळेल. मी दहावीत होते त्या मे महिन्यात आपण गच्चीवर तीन धोतरं अंथरून कुरडया घातल्या होत्या, आठवतं? चार वाजता आभाळ भरून आलं. आपण दोघी जिन्यानं धावलो, एक धोतर कसंबसं उचललं, बाकी दोन भिजली. आदल्या दिवशी वाळवून डब्यात भरलेल्या तेवढ्या कुरडया वर्षभर पुरल्या. रॅम म्हणजे ती गच्ची. आत्ता जे काम चाललंय ते सगळं तिथं पसरलेलं असतं. एसएसडी म्हणजे खोलीतले डबे. गच्ची मोठी असली की एका वेळी जास्त पसरता येतं, म्हणून 8 जीबी. डबे जास्त असले की जास्त साठवता येतं, म्हणून 512. आणि लॅपटॉप बंद पडला की गच्चीवरचं सगळं जातं, डब्यातलं राहतं. सेव्ह करणं म्हणजे डब्यात भरणं. लिहिताना दर थोड्या वेळानं कंट्रोल आणि एस. माझं ऑफिसचं चार तासांचं काम एकदा असंच गेलं. बॅटरी संपत आली होती, मी चार्जर लावला नाही आणि सेव्हही केलं नाही. त्या रात्री मी रडले होते, तुम्हांला सांगितलं नव्हतं.

गच्चीवर जागा उरली नाही की लॅपटॉप हळू चालतो. तेव्हा नको त्या खिडक्या फुलीनं बंद करायच्या, इतकाच उपाय.

जीबी, एमबी ही मापं. त्यांची सुरुवात बाइटपासून. इंग्रजीतलं एक अक्षर 1 बाइटमध्ये मावतं, आपल्या देवनागरीला प्रत्येक खुणेसाठी 3 लागतात. 'आई' लिहिलं की 6 बाइट, आणि 'बाबा'तला काना वेगळा मोजतात म्हणून 12. दहा लाखांच्या आसपास बाइट म्हणजे एक एमबी, हजार एमबी म्हणजे एक जीबी. फोनमधला एक फोटो 4 एमबीचा धरा. विंडोजला लागणारी जागा सोडली तरी तुमच्या डब्यांत लाखभर फोटो बसतील. तेव्हा आई, नातवाचे फोटो एकेक करून पुसत बसू नकोस.

विंडोज म्हणजे लॅपटॉप चालवणारा मूळ कारभार. बाकी ॲप त्याच्यावर चालतात. 'अपडेट होत आहे, बंद करू नका' असं दिसलं की चार्जर लावा आणि खुशाल चहा करा.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. तुम्ही म्हणता, "गूगल बंद पडलं." कधी वाय-फाय गेलेलं असतं, कधी नेट, कधी नुसता ब्राउझर बंद झालेला असतो, आणि तिन्हींना एकच नाव मिळतं. वाय-फाय म्हणजे भिंतीवरच्या दोन दांड्यांच्या डब्यापासून लॅपटॉपपर्यंतचा बिनतारी टप्पा, आपल्या घरातल्या घरातला. त्या डब्याचं नाव राउटर. त्याच्या मागून जी तार बाहेर जाते तिथून पुढे इंटरनेट. ब्राउझर हे लॅपटॉपमधलं ॲप, त्यातून वेबसाइट बघायच्या. गूगल ही शोधून देणारी एक वेबसाइट. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण राउटर बंद पडतो, म्हणून नेट जातं. त्यात लॅपटॉपचा दोष नाही. लाइट आल्यावर राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात.

आणि इंटरनेट म्हणजे काय? तुम्ही तीस वर्षं आर.एम.एस.मध्ये, रेल्वेच्या टपाल सेवेत, जे केलंत ते. मला लहानपणी तुम्ही मेल व्हॅनमध्ये चढवून दाखवलं होतं. भिंतभर लाकडी खण, खाली थैले, आणि गाडी धावत असताना तुमचे हात पाकिटं फेकत होते, वर्धा, बडनेरा, भुसावळ. एक पाकीट चुकीच्या खणात नाही. नागपूर म्हणजे हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन लाइनी जिथं एकमेकींना छेदतात ते स्टेशन, तुमच्या हातून चारही दिशांची टपाल गेली.

नेटवर तेच चालतं. आई मला फोटो पाठवते तेव्हा तो अख्खा जात नाही. त्याचे साधारण दीड हजार बाइटचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. 4 एमबीच्या फोटोची अडीच हजारांहून जास्त पॅकेट. प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक. वाटेतला प्रत्येक राउटर पत्ता वाचतो आणि पुढच्या योग्य वाटेला लावतो, तुमच्यासारखा. एका फोटोची पॅकेट वेगवेगळ्या वाटांनीही जाऊ शकतात, मागेपुढे पोचतात. माझा फोन त्यांच्यावरचे क्रमांक बघून ती जुळवतो. मिळालेल्यांची पोच परत जाते, रजिस्टर ए.डी.च्या गुलाबी कार्डासारखी, आणि ज्याची पोच आली नाही ते पॅकेट पुन्हा पाठवलं जातं. हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. इथं बसून हे शिकले तेव्हा मला त्या व्हॅनमधला पिवळा दिवा आठवला होता.

त्या पत्त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, तो आकड्यांचा असतो. तुमचं पिन कोडचं काम जसं 440001 वर चालायचं. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला आला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, हे नाव मी तुमच्याकडूनच ऐकलं. बरोबर 23 वर्षांनी, 15 ऑगस्ट 1995 ला, आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून वेबसाइटना नावं दिली, आणि नावावरून आकडा शोधून देणारी एक मोठी डिरेक्टरी ठेवली, ती डीएनएस.

स्पीडचंही त्यातच सांगते. '40 एमबीपीएसचा प्लॅन आहे, मग सेकंदाला 40 एमबी काहून नाही उतरत?' असं तुम्ही विचारलं होतं. एमबीपीएसमधलं बी बिटचं आहे. बिट बाइटहून लहान, 8 बिट म्हणजे 1 बाइट. 40 ला 8 नं भागा, 5 एमबी. आपल्याला कुणी फसवलेलं नाही. डाउनलोड म्हणजे आपल्या स्टेशनवर थैला उतरवणं, अपलोड म्हणजे चढवणं. क्लाउड म्हणजे कंपनीच्या इमारतीतल्या कॉम्प्युटरवर घेतलेला आपला खण. लॅपटॉप बिघडला तरी त्या खणातले फोटो राहतात.

आता ज्यासाठी मी खरं हे पत्र लिहायला बसले ते. बाबा, तुम्ही मला शिकवलं होतंत की सॉर्टर पाकीट खालून वाचतो. आधी शेवटची ओळ, मग गाव, मग गल्ली, नाव सगळ्यात शेवटी. वेबसाइटचा पत्ताही तसाच वाचायचा, उजवीकडून. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत वेबसाइटचं नाव असतं, त्याच्यानंतर पहिली तिरकी रेघ येते. त्या रेघेपासून डावीकडे या. हयातीच्या दाखल्याची खरी वेबसाइट जीवनप्रमाण डॉट जीओव्ही डॉट इन अशी संपते. ठगाची वेबसाइट अशी असू शकते: जीवनप्रमाण डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम. डावीकडून वाचलं तर सरकारी वाटते, उजवीकडून वाचलं की कळतं, हे पाकीट अमुकतमुकच्या घरी चाललंय. सरकारी वेबसाइटचा शेवट जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं आता बँक डॉट इन हा शेवट ठरवलाय.

पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह बघून विश्वास ठेवू नका. ते म्हणजे थैल्यावरची लाखेची मोहोर. वाटेत कुणी उघडणार नाही एवढीच खात्री. थैला चोराच्याच पत्त्यावर चालला असेल तर मोहोर काय करणार?

मागच्या वर्षी माझ्या स्क्रीनवर अचानक लाल पाटी आली. सायरन वाजायला लागला, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर लगेच फोन करा.' मी या कामातली असून माझे हात थरथरले. तुमच्यासमोर आली तर फोन करायचा नाही. चालू करायचं बटण दहा-बारा सेकंद दाबून धरा, लॅपटॉप बंद होईल, मग मला फोन करा, रात्रीचे दोन असले तरी. कुणी फोनवर सांगून ॲप टाकायला लावलं तर टाकायचं नाही, त्यातून तो आपली स्क्रीन बघतो. पोलीस म्हणून व्हिडिओ कॉल करून 'तुम्हांला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणाला तरी ठेवून द्या, कायद्यात असलं काही नाही. पैसे मिळायला यूपीआय पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार आहेत. ओटीपी मलासुद्धा सांगू नका. आणि पैसे गेलेच तर लाजत, लपवत बसू नका, लगेच 1930 लावा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवता येण्याची आशा असते. मी रागावणार नाही, हे लिहून देते.

पासवर्ड वहीत लिहू नका असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब, आणि देवघराखालच्या कप्प्यातल्या डायरीत लिहिलेला बरा. फक्त लॅपटॉपला चिठ्ठी चिकटवू नका, आणि यूपीआय पिन त्या डायरीत नको.

आई, तुझ्यासाठी मराठी टायपिंग मी निघताना चालू करून ठेवलंय. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून लांब पट्टी दाबलीस की इंग्रजीची मराठी होते, पुन्हा दाबलीस की इंग्रजी. 'aai'ची अक्षरं असतात ना, ए, ए, आय, ती दाबलीस की 'आई' उमटतं. तुझा गोळाभात मला अजून नीट जमत नाही, गोळे फुटतात. डाळ भरडायची किती आणि मोहन किती, ते एका फाइलमध्ये लिही. 'गोळाभात' नावानं सेव्ह कर. एका बैठकीत नको, रोज दोन ओळी.

ती फाइल मला ई-मेलनं हवी. पत्त्यातलं ते गोल शेपटीचं चिन्ह 'ॲट', रे टॉमलिन्सन नावाच्या माणसानं 1971 मध्ये निवडलं. त्याच्या डावीकडे माणसाचं नाव, उजवीकडे त्याचं पोस्ट ऑफिस. पेपरक्लिपचं चित्र दाबलं की फाइल जोडता येते, बाबा मदत करतील.

आणि बाबा, हे पाकीट फेकू नका. ते नागपूरला कोणत्या तारखेला पोचलं, शिक्का बघून मला त्याच ई-मेलमध्ये लिहा. पुण्याचा शिक्का मंगळवारचा असेल.

तुमची
मनू