‘फॉरमॅट’ मारण्याआधी फायली काढून घ्याव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी असलेल्या ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा मी गेली नऊ वर्षे कार्यवाह आहे. या पावसाळ्यात वाचनालयाचा एकुलता एक संगणक बंद पडला आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत आम्हाला जे शिकायला मिळाले, ते अशाच अडचणीत सापडणाऱ्या इतर संस्थांना, छोट्या दुकानदारांना आणि घरगुती वापरकर्त्यांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, परंतु त्रोटक माहितीने या बाबतीत फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होते.

जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला पाठवायच्या वार्षिक अहवालाचे काम ग्रंथपालबाई करीत असताना संध्याकाळी लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची तयारी चालू असल्याचा संदेश येई, पांढऱ्या टिंबांचे वर्तुळ थोडा वेळ फिरे, यंत्र आपोआप बंद होई आणि पुन्हा तोच संदेश समोर उभा राही. असे सहा-सात वेळा झाल्यावर आम्ही तो उचलून बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने दोन मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, “काका, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारून नवी टाकतो, संध्याकाळी घेऊन जा. डेटा काही मिळणार नाही.”

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणे. त्या ‘डेटा’मध्ये काय होते, हे त्याने विचारले नाही आणि गडबडीत आम्हीही सांगितले नाही. चौदा हजारांहून अधिक पुस्तकांची दाखल नोंदवही ग्रंथपालबाईंनी दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने तीन वर्षे खपून टंकलिखित केली होती; शिवाय सभासदांची यादी, जमाखर्च आणि लेखापरीक्षकांना द्यायची पत्रकेही त्यातच होती. शेवटचा बॅकअप दीड वर्षापूर्वीचा होता. तो वेळच्या वेळी का घेतला नाही, हा प्रश्न रास्त आहे. बॅकअप घ्यायला हवा हे कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तो घेण्याचे काम मात्र कोणाच्याच नावावर नव्हते.

सुदैवाने आमच्या एका सभासदाची अभियांत्रिकी शिकणारी मुलगी सुटीसाठी गावी आली होती. तिने दुकानात फोन करून “काहीही करू नका, आहे तसाच परत द्या” असे सांगायला लावले. संगणक वाचनालयात परत आल्यावर तिने आम्हाला प्रथम एकच गोष्ट समजावून दिली. विंडोज सुरू न होणे ही एक बाब आहे आणि हार्ड डिस्कवरच्या फायली नष्ट होणे ही पूर्णपणे वेगळी. ग्रंथपालबाई आजारी पडल्या म्हणून कपाटातली पुस्तके नाहीशी होत नाहीत. दुसऱ्या कोणी किल्ली लावली की ती जागच्या जागी सापडतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी निळा पडदा दाखवून ठप्प झाले होते आणि आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली होती, हे वाचकांना आठवत असेल. त्या संगणकांवरच्या लोकांच्या फायलींना काहीही झालेले नव्हते. एक चुकीची फाइल विंडोजला उठू देत नव्हती. ती काढून टाकताच यंत्रे पूर्ववत सुरू झाली. ती लाखो यंत्रे त्या दिवशी आमच्या बाजारपेठेत आली असती तर त्यांचे काय झाले असते, या विचाराने मला अजूनही हसू येते.

दुसरी किल्ली लावण्याचे हे साधन म्हणजे ‘लाइव्ह’ डिस्क. संगणकाचे बटण दाबल्यावर आधी त्याच्या मदरबोर्डवरची छोटी प्रणाली जागी होते आणि पुढची कार्यप्रणाली (म्हणजे विंडोजसारखा मूळ प्रोग्राम) कोठून उचलायची ते ठरवते. एरवी ती हार्ड डिस्ककडे जाते. परंतु सीडी किंवा पेनड्राइव्हकडे बोट दाखवले, तर त्यावरची स्वतंत्र कार्यप्रणाली रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, चढते आणि हार्ड डिस्कवर काहीही न बसवता चालू लागते. ही युक्ती नवी नाही. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘नॉपिक्स’ या मोफत कार्यप्रणालीने ती जगभर रूढ केली. पुढे ‘उबुंटू’ या तशाच मोफत कार्यप्रणालीच्या सीडी तर मागणी नोंदवली की पोस्टाने फुकट घरी येत, ही सोय २०११ साली बंद झाली. पुठ्ठ्याच्या वेष्टनातली तशी एक सीडी माझ्या कपाटात आजही आहे, आणि इतकी वर्षे तिचा उपयोग काय हे मला कळले नव्हते, हे कबूल करायला हवे. आता संगणकांना सीडीचा कप्पाच नसतो, त्यामुळे तेच काम पेनड्राइव्हवर करतात.

त्या मुलीने आपल्या लॅपटॉपवर ‘लिनक्स मिंट’ या मोफत कार्यप्रणालीची सुमारे तीन जीबीची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेतली आणि ‘रूफस’ नावाच्या मोफत प्रोग्रामने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. ही फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, आणि चढवताना पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामा घ्यावा. मग आमचा संगणक बंद करून तिने पेनड्राइव्ह लावला आणि सुरू होताच ‘एफ १२’ हे बटण दाबत राहिली. कंपनीप्रमाणे हे बटण बदलते. काही यंत्रांत ते ‘एफ ९’ असते, काहींत ‘एस्केप’. आलेल्या यादीतून पेनड्राइव्ह निवडल्यावर दोन-तीन मिनिटांत त्याच मृतप्राय संगणकावर एक स्वच्छ, वेगळाच पडदा उभा राहिला. त्यावर मिंट ‘इन्स्टॉल’ करण्याचे एक चिन्ह असते. त्याला हात लावायचा नाही, हे तिने आम्हाला दोनदा बजावले, कारण त्या वाटेने पुढे गेल्यास हार्ड डिस्क पुसली जाण्याची शक्यता असते आणि मग दुकानदारात व आपल्यात काही फरक उरत नाही.

फायलींच्या खिडकीत डाव्या बाजूला आमची डिस्क ‘५०० जीबी’ अशा नावाने दिसत होती. ती उघडून ‘यूजर्स’, त्यात वाचनालयाचे नाव, त्यात ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ असे आत जाताच सर्व फोल्डर जसेच्या तसे समोर आले. विंडोज अर्धवट झोपलेल्या स्थितीत बंद पडली असेल तर अशी डिस्क पुष्कळदा फक्त वाचण्यापुरतीच उघडते. आमचीही तशीच उघडली. फायली बाहेर काढण्यासाठी तेवढे पुरेसे असते, किंबहुना चुकून काही पुसले जाण्याची भीती राहत नाही. अकरा जीबीचा मजकूर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरायला पाऊण तास लागला. कॉपी पूर्ण झाल्याची पट्टी दिसताच मी पेनड्राइव्ह काढायला हात पुढे केला, तेव्हा तिने मला थांबवले. पेनड्राइव्हवरचा बारीक दिवा अजून लुकलुकत होता. पडद्यावर काम संपलेले दिसले तरी काही भाग रॅममधून उतरायचा बाकी असतो. ‘इजेक्ट’ करून परवानगी मिळाल्यावरच तो काढायचा.

खरा धक्का त्यानंतर बसला. नोंदवहीची फाइल तिथल्या तिथे उघडून पाहिली, तर मराठीचा एकही शब्द नाही. इंग्रजी अक्षरे, टोपीवाले स्वर आणि चित्रविचित्र चिन्हे यांचा नुसता खच. ग्रंथपालबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. फाइल मात्र शाबूत होती. आमची सुरुवातीची नोंद ‘श्रीलिपी’ या जुन्या मराठी टंकलेखन प्रणालीत झालेली आहे, आणि युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या अशा सर्वच फाँटांत ‘क’ किंवा ‘म’ हे अक्षर संगणकाच्या लेखी एखादे इंग्रजी अक्षर अथवा चिन्हच असते. त्याला मराठी रूप देतो तो केवळ फाँट. लाइव्ह डिस्कवर तो फाँट नसल्याने मूळ चिन्हे उघडी पडली होती. त्याच हार्ड डिस्कवरचा विंडोजचा ‘फाँट्स’ फोल्डरही आम्ही काढून घेतला आणि पुढे विंडोज नव्याने बसवल्यावर फाँट परत टाकताच ‘दाखल क्रमांक’ हे शब्द पूर्वीसारखे दिसू लागले. छापखाने, पतसंस्था, जुन्या शाळा, नियतकालिके यांच्या संगणकांवर असा मजकूर अद्याप मोठ्या प्रमाणात आहे. अशा फायली गिचमीड दिसतात म्हणून खराब समजून कोणी टाकून देऊ नयेत, एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हे पत्र लिहावे असे मला वाटले.

या उपायाला मर्यादा आहेत, आणि त्या न सांगता त्याची शिफारस करणे बेजबाबदारपणाचे होईल. हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर बिघाड विंडोजचा नसून यांत्रिक आहे. डिस्क जितका वेळ फिरेल तितकी आतली चकती ओरबाडली जाण्याचा धोका वाढतो. तेव्हा संगणक ताबडतोब बंद करून त्यातल्या तज्ज्ञाकडेच जावे, घरी प्रयोग करू नयेत. चुकून ‘डिलीट’ केलेल्या फायलींचे प्रकरणही निराळे आहे. जुन्या हार्ड डिस्कवरून त्या ‘फोटोरेक’सारख्या मोफत साधनाने शोधता येतात, पण बहुधा मूळ नावाविना सापडतात, आणि दोन-चार हजार निनावी फायलींतून हवी ती हुडकणे काय असते हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. एसएसडीवर, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, तर पुसलेल्या जागा यंत्र स्वतःच मोकळ्या करून टाकत असल्याने तेवढीही आशा नसते. सापडलेला मजकूर त्याच डिस्कवर कधीही उतरवू नये, हे दोन्हींना लागू आहे.

नव्या लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केले की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. अशी डिस्क लाइव्ह पेनड्राइव्हला दिसते, पण ४८ अंकी किल्ली दिल्याशिवाय उघडत नाही, आणि ती किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. विकत घेताना दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलवर खाते उघडून दिले असेल, तर किल्ली त्याच्याकडे राहते आणि आपण बाहेर. संगणक धडधाकट असतानाच खाते आपल्या नावावर आहे ना हे पाहून ते ४८ अंक कागदावर उतरवून कपाटात ठेवावेत. या कुलपाचा त्रास वाटला तरी त्याची गरज मला याच प्रसंगात कळली. आमच्या संगणकाला चांगला लांबलचक पासवर्ड होता, आणि लाइव्ह डिस्कने तो विचारलासुद्धा नाही. म्हणजे दुरुस्तीला दिलेल्या संगणकातली सभासदांची नावे, पत्ते, फोन क्रमांक कोणालाही याच रीतीने वाचता येतात.

आता दुरुस्तीच्या दुकानांविषयी. त्या मुलावर माझा राग नाही. दिवसाला आठ-दहा यंत्रे हातावेगळी करायची असतील, तर फॉरमॅट हाच सर्वांत झटपट उपाय ठरतो, आणि फायली वाचवण्याचे वेगळे पैसे मागितले तर गिऱ्हाईक घासाघीस करते हेही खरे आहे. परंतु फॉरमॅट करून वर नवी विंडोज बसवली की जुन्या फायलींच्या जागेवर नव्या बसतात, आणि ‘क्विक’ऐवजी पूर्ण फॉरमॅट केला तर डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहिली जाऊन काहीच शिल्लक राहत नाही. असे परत न फिरवता येणारे काम गिऱ्हाइकाच्या लेखी संमतीशिवाय होता कामा नये. दुकानाच्या पावतीवर ‘फायली काढून हव्या आहेत / नको आहेत’ अशी एक ओळ छापून तिच्यापुढे सही घ्यायला कोणताही खर्च नाही. फायली काढण्याचे तासाभराचे काम असेल, तर त्याचे दर उघडपणे लावावेत. चौदा हजार नोंदी पुन्हा टंकलिखित करण्यापेक्षा ते पैसे आम्ही आनंदाने दिले असते. जिल्ह्यातील संगणक विक्रेत्यांच्या संघटनांनी या एका ओळीचा विचार करावा, आणि एमएस-सीआयटीसारखे वर्ग चालवणाऱ्या केंद्रांनी लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून दाखवण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आमच्यापुरती व्यवस्था आम्ही लावली आहे. दर शनिवारी बॅकअप घेण्याचे काम आता सहकार्यवाहांच्या नावावर ठरावाने नोंदवलेले आहे. मिंटचा तो पेनड्राइव्ह त्या मुलीने वाचनालयालाच भेट दिला. ग्रंथपालबाईंनी त्याला रीतसर दाखल क्रमांक दिला असून सोबत एका पानावर मराठीत कृती लिहून ठेवली आहे. पुस्तकाप्रमाणेच तो सभासदांना सात दिवसांसाठी घरी नेता येतो. अनामत शंभर रुपये आहे. आतापर्यंत तो तीनदा बाहेर गेला आणि तिन्ही वेळा परत आला. सध्या तो एका पतसंस्थेकडे आहे.

आपला विश्वासू,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह, जि. सातारा