गांजाचा परवाना एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याच्या हाती

मा. संपादक,

महोदय,

अमेरिकेतील घटकराज्यांनी गांजाच्या विक्रीला मान्यता दिल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात तेव्हा त्यांत बहुधा दोनच आकडे असतात : कर किती जमा झाला आणि दुकाने किती उघडली. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी 2012 च्या नोव्हेंबरात कौल दिला, त्याला आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा परवान्यावर ज्याचे नाव आहे तोच खरोखर धंद्याचा मालक आहे का, हे आता तरी विचारले जावे. राज्यांच्या नियमनाची खरी परीक्षा याच प्रश्नाशी होते आणि माझ्या मते बहुतेक राज्ये तिथेच उणी पडली आहेत.

गांजाबंदीच्या काळात अटका आणि शिक्षा कृष्णवर्णीयांच्या व गरिबांच्या वस्त्यांवर प्रमाणाबाहेर कोसळल्या, म्हणून कायदेशीर व्यापारात त्यांना अग्रक्रम द्यावा, अशी तरतूद इलिनॉय, न्यूयॉर्क आदी राज्यांनी केली. न्यूयॉर्कच्या 2021 च्या कायद्यात तर निम्मे परवाने अशा वस्त्यांतील व इतर वंचित गटांतील अर्जदारांना देण्याचे उद्दिष्टच घालून दिले आहे. हेतूविषयी माझी तक्रार नाही. परंतु मालकी मोजण्याचे माप म्हणून सामान्यतः 51 टक्के भागभांडवल धरले जाते आणि तेवढ्यावर विसंबणे भाबडेपणाचे आहे. समजा, अर्जदाराकडे 51 टक्के भाग आहेत आणि भांडवल पुरवणाऱ्याकडे 49. सोबतच्या करारात लिहिलेले असते की दुकानाची व्यवस्था भांडवलदाराने नेमलेली कंपनी पाहील, तिचे शुल्क नफ्याच्या आधी वळते होईल, महत्त्वाच्या कोणत्याही निर्णयास भांडवलदाराची लेखी संमती लागेल आणि कायद्याने मुभा मिळताच अर्जदाराचे भाग ठरलेल्या किरकोळ किमतीला विकत घेण्याचा हक्क त्याला राहील. अशा अर्जदाराला मालक म्हणावे की पगारी नामधारी? बेनामी व्यवहाराचा हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी.

अर्जदार असल्या करारावर सही का करतो, याचे उत्तर राज्याच्या नव्हे, केंद्राच्या कायद्यात सापडते. 1970 च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्याने गांजाला सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत टाकले. परिणामी राज्याच्या दृष्टीने कायदेशीर असलेल्या दुकानाला मोठ्या बँका दारात उभे करीनात आणि दिवाळखोरीच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षणही त्याला मिळेना. त्याहून जाचक आहे प्राप्तिकर संहितेतील कलम 280 ई. पहिल्या दोन अनुसूचींतील पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला या कलमाखाली मालाच्या खरेदीचा खर्च वजा करता येतो, पण भाडे, पगार, जाहिरात यांचा नाही. एका दुकानाची वर्षाची विक्री 10 लाख डॉलर, मालाची किंमत 6 लाख आणि भाडे-पगार 3 लाख धरा. हाती राहिलेला खरा नफा 1 लाख. पण 21 टक्क्यांचा केंद्रीय कंपनी-कर बसणार 4 लाखांवर, म्हणजे 84,000 डॉलर. उरले 16,000, आणि राज्याचा कर अजून बाकीच आहे. हा भार ज्याला पेलवतो तो मोठा भांडवलदार. ज्याला पेलवत नाही तो त्याच्याकडेच हात पसरणार. केंद्रीय न्याय विभागाने 2024 मध्ये गांजा तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा व्यापाऱ्यांचे पहिले लक्ष या कलमातून सुटका होण्याकडे गेले, ते उगाच नव्हे.

परवान्यांची संख्या मर्यादित ठेवावी की मोकळी सोडावी, या वादात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. इलिनॉयने 2019 च्या कायद्यानंतर 75 दुकानांचे परवाने जाहीर केले आणि गुणांकनाची पद्धत ठेवली. 2020 मध्ये निकाल आला तेव्हा पूर्ण गुण मिळवून सोडतीस पात्र ठरलेले अवघे 21 अर्जदार निघाले. त्यावर इतका गदारोळ आणि कोर्टबाजी झाली की पुढे कायदा दुरुस्त करून आणखी सोडती काढाव्या लागल्या. त्याच कायद्यात, अर्जदार स्वतः पीडित वस्तीतला नसला तरी त्याने तिथले पुरेसे कर्मचारी नेमले तर त्याला अग्रक्रम मिळावा अशी पळवाट ठेवलेली होती. ती कोणाच्या उपयोगाची, हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही.

ओक्लाहोमाने 2018 मध्ये नेमके उलटे केले : वैद्यकीय गांजासाठी परवान्यांवर संख्येची मर्यादा नाही, शुल्क 2,500 डॉलर, मात्र 75 टक्के मालकी राज्याच्या रहिवाशांची हवी. मग काय, रहिवाशांची नावे भाड्याने मिळू लागली. बाहेरचा पैसा, स्थानिक नाव आणि त्या नावाच्या माणसाला शेत कुठल्या दिशेला आहे याचाही पत्ता नाही, अशी प्रकरणे तपास यंत्रणांच्या हाती आली आणि अखेर 2022 मध्ये नवे परवाने थांबवण्यात आले. मर्यादा घातली काय, न घातली काय, मुखवट्याची वाट दोन्हीकडून निघते.

रहिवासाच्या अटीला तर आता न्यायालयांनीही सुरुंग लावला आहे. मेन राज्यातील वैद्यकीय गांजाच्या दुकानांचे संचालक त्या राज्याचेच रहिवासी असावेत, हा नियम 2022 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने आंतरराज्य व्यापाराच्या घटनात्मक तत्त्वाविरुद्ध ठरवला; एका राज्याने दुसऱ्या राज्यांच्या रहिवाशांना व्यापारात डावलू नये, असे हे तत्त्व. जो माल राज्याची सीमा ओलांडताच केंद्राच्या लेखी गुन्हा होतो, त्याच मालाच्या दुकानदारीला आंतरराज्य व्यापाराचे संरक्षण मिळावे, यातील विसंगती न्यायाधीशांनीही जाणली असेलच. तरीही मला निकाल योग्य वाटतो, कारण रहिवासाचा दाखला मालकीविषयी फारच थोडे सांगतो.

स्थानिक संस्थांच्या हाती नकाराधिकार देण्याविषयी एवढेच म्हणेन की मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर या शहराचा माजी महापौर गांजाच्या दुकानासाठी अर्ज करणाऱ्यांकडून पैसे उकळल्याबद्दल 2021 मध्ये दोषी ठरला. महापौराच्या ना-हरकत पत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नसे.

मग करावे काय? वॉशिंग्टनने सुरुवातीपासून एक वाट धरली आहे, तिचा अभ्यास इतरांनी करायला हवा. तिथे लागवड व प्रक्रिया करणाऱ्याला किरकोळ दुकानात आर्थिक हितसंबंध ठेवता येत नाही आणि नफ्यात वाटा घेणारा प्रत्येक जण खरा हितसंबंधी म्हणून तपासला जातो; सुरुवातीच्या नियमांत तर पती किंवा पत्नीसुद्धा. यामुळे प्रामाणिक लहान अर्जदाराला मनस्ताप होतो, हे मान्य; परंतु प्रश्न बरोबर विचारला जातो, तो म्हणजे पैसा कुठून आला आणि कुठे जाणार. कॅलिफोर्नियात एकूण 20 टक्के वा अधिक मालकी असलेल्याला मालक धरले जाते आणि त्याखालच्या आर्थिक हितसंबंधीयांचीही नावे द्यावी लागतात. ही व्याख्या रुंद आहे. तरी एखादा व्यवस्थापन-करार तिच्यातून निसटू शकतो.

माझी सूचना अशी की प्रत्येक राज्याने परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी भागधारकांच्या यादीबरोबर कर्जाचे, व्यवस्थापनाचे, भाडेपट्ट्याचे आणि भागखरेदीच्या हक्काचे सर्व करार मागवावेत, अर्जदाराला एकट्याने बोलावून दुकानाच्या जमाखर्चाविषयी प्रश्न विचारावेत आणि करारातील जाचक अट रद्द करवून घेण्याचा अधिकार नियामकाला द्यावा. आज मिसुरीसारख्या राज्यात सोडतीत लागलेले लघुउद्योगांचे काही परवाने नियामकाने नंतर रद्द केले, कारण तपासात खरी मालकी पात्र माणसाकडे आढळली नाही. अशा वेळी शिक्षा होते ती ज्याने नाव दिले त्याला. ज्याने पैसा लावून करार लिहून घेतला तो पुढच्या सोडतीसाठी नवे नाव शोधायला मोकळा राहतो. त्याला ठरावीक काळ राज्यातील कोणत्याही परवान्यात पैसा गुंतवण्यास मनाई केली पाहिजे.

आपला विश्वासू,
एक वाचक