थकलेल्या जवानाने जायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की सातारा हा शूरांचा जिल्हा होतो. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे नाव प्रत्येक भाषणात येते. त्याच जिल्ह्यातले ऐंशीच्या घरातले लष्करातले निवृत्त हवालदार आणि नाईक आज अंथरुणाला खिळले, तर त्यांचे कोण करणार, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

‘ईसीएचएस’ला, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेला, मी नावे ठेवणार नाही. एप्रिल २००३ पासून या योजनेने पेन्शनर सैनिकांची मोठी सोय केली. योजनेच्या दवाखान्यातून (पॉलिक्लिनिक) रेफरल घेतले की नोंदणीकृत खासगी रुग्णालयात बायपास असो वा मोतीबिंदू, खिशाला हात लावावा लागत नाही. पण योजना आहे आजाराची, म्हातारपणाची नाही. डिस्चार्जचा कागद हातात पडला की तिचे काम संपते.

आमच्या वाडीतल्या एका हवालदाराला अर्धांगवायू झाला आहे. उपचार उत्तम झाले. आता घरी तो आणि सत्तरी ओलांडलेली त्याची बायको. मुले पुण्याला. त्याला कुशीवर वळवायची ताकद तिच्यात नाही, म्हणून ती जुन्या लुगड्याची घडी त्याच्या पाठीखाली सरकवते आणि दोन्ही टोके धरून ओढते. तेवढे करूनही पाठीला जखमा झाल्याच. लघवीची नळी बदलायची म्हटली की जीप ठरवावी लागते आणि जीपमध्ये त्याला उचलून ठेवायला चार माणसे गोळा करावी लागतात. सुगीत ती मिळत नाहीत. सांभाळायला बाई ठेवावी, तर पेन्शनीतला मोठा वाटा तिच्या पगारातच जातो.

ज्यांना पेन्शनच नाही, त्यांचे हाल आणखी वेगळे. पंधरा वर्षांच्या आत स्वखुशीने नोकरी सोडून आलेल्या जवानाला पेन्शन नाही. पेन्शन नसलेल्या, पासष्टी उलटलेल्या गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाचे ‘पेन्युरी ग्रँट’, म्हणजे हलाखीतल्यांसाठीचे अनुदान, मिळते. नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना ४ हजारांवरून ८ हजार रुपये झाले, हे चांगलेच झाले. आमच्याकडे डोंगरकपारीत राहणाऱ्या किती म्हाताऱ्यांना याचा पत्ता आहे, हा भाग वेगळा.

खडकीला पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासून. तिथे अशा जवानांची निगा राखली जाते. म्हणजे हे काम आपल्याला जमत नाही असे नाही. अमेरिकेत तर राज्य सरकारे माजी सैनिकांसाठी शुश्रूषागृहे चालवतात आणि केंद्र सरकार माणशी दिवसाच्या हिशेबाने त्यांना पैसे देते. तसे एक घर साताऱ्यात जिल्हा रुग्णालयाच्या आसपास उभारावे. पंचवीस-तीस खाटांनी सुरुवात झाली तरी पुरे. त्यातल्या काही खाटा महिना-पंधरा दिवसांसाठी राखाव्यात, म्हणजे सांभाळणाऱ्या घरच्या बाईलाही पाठ टेकता येईल.

माणसे कुठून आणणार, असे कुणी विचारेल. आर्मी मेडिकल कोअरमधले नर्सिंग असिस्टंट चाळिशीच्या आसपास पेन्शनीवर येतात. रुग्णाला कसे वळवायचे, जखम कशी धुवायची, हे त्यांना झोपेतही येते. त्यातले काही आज एटीएमच्या दारात सिक्युरिटीचा गणवेश घालून बसलेले दिसतात. त्यांना इथे घ्या. हीच माणसे आठवड्यातून एकदा गाडी घेऊन पाटण, जावळी, माण, खटावच्या वाड्यावस्त्यांवरही जाऊ शकतील.

पहिले काम मात्र यादीचे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची आणि विधवांची नोंद असते. त्यांतले अंथरुणाला खिळलेले किती, हे ग्रामपंचायती आणि आशाताईंच्या मदतीने काढता येईल. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. त्यासाठी सैनिक कल्याण निधी संकलनाचे उद्दिष्ट ठरते त्याच बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी ही यादीही मागवावी, एवढी विनंती.

आपला,
एक माजी सुभेदार
ता. पाटण, जि. सातारा