मोडी वाचून देणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्ही पैसे घेतले नाहीत, आभारही पुरते ऐकून घेतले नाहीत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आईच्या आजीचा तो परवाना १९३० सालचा, सोलापूरचा. गांधीजींच्या अटकेनंतर तिथं गोळीबार झाला आणि १२ मे ते ३० जून शहरात लष्करी कायदा होता. गांधी टोपी घातली तरी माणसं धरली जायची. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे त्याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. कोल्हापूर तेव्हा राजाराम महाराजांचं संस्थान, त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत या दिवसांची आठवणच नाही. आमची पणजी सुईण होती. संचारबंदी असली तरी कळा थांबतात होय? म्हणून तिला रात्री बाहेर पडायचा परवाना मिळाला. पुढून इंग्रजी छापील, मागं पणजोबांनी मोडीत काही टिपलेलं.

एका कचेरीत साहेब म्हणाले, पुढचं इंग्रजी कळतंय ना, मग मागचं कशाला पाहिजे? एका जाणकारांनी मूळ कागद ठेवून जायला सांगितलं. आई काठी टेकून उभी होती, तिला 'बसा' म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी आईला बसवलंत. नुसता अर्थ सांगून मोकळ्या झाला नाहीत. खुर्ची तिच्याशेजारी ओढलीत, तिचं बोट धरून एकेका अक्षरावर ठेवलंत आणि ओळ तिच्याकडूनच म्हणवून घेतलीत. 'शिंप्याची सून, मुलगा, पहाटे.' 'साळ्यांच्यात मुलगी, दोघी सुखरूप.' मग 'पोर गेलं' आलं. आईचे डोळे भरले. तुम्ही बोट तिथंच धरून ठेवलंत, आणि तिनं स्वतः 'पुढं वाचा' म्हटल्यावरच पुढं सरकलात.

मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात आहेत, ताई. कागद घेऊन आलेल्या म्हातारीकडे बघणारी थोडी. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मोडीबरोबर हेही मिळत असणार, याचं फार बरं वाटतं.

आई आता त्या ओळी पाठ म्हणते. सोलापूरच्या भावंडांना तिनं फोनवर ऐकवल्या. तुम्हाला रविवारी जेवायला बोलवलंय तिनं. पांढरा रस्सा चालतो की शाकाहारी करायचं, तेवढं कळवा.