उचल घेण्याआधीची यादी : सल्लागार मंडळींना आभारपत्र

आदरणीय आबा, भाऊ आणि ताई,

स. न. वि. वि.

शहादा, तळोदा, धडगावच्या गावांत मुलं शाळेत टिकावीत म्हणून आमची संस्था काम करते. त्या कामाला वाट तुम्ही दाखवली. मनापासून आभार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घटली की घरोघर जायचं, असा आमचा क्रम होता. कुठली घरं कामाला बाहेर जाणार याची यादी पोळ्यालाच करा, हे तुम्ही सांगितलं. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, एकदा घरात आली की ऊसतोडीला जाणं ठरलंच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मग तान्ह्याला सांभाळायला थोरली मुलगीही बारडोलीकडे निघते. गाडी भरल्यावर समजावून काही होत नाही.

यादीसोबत काय विचारायचं, तेही तुम्हीच शिकवलं. मागे कोण राहणार? आजी राहणार असेल तर तिचं आणि मुलांचं नाव एकाच रेशनकार्डावर आहे का? राबून झिजलेल्या बोटांचा ठसा रेशन दुकानातलं मशीन घेत नाही, म्हणून आजीला आधीच तिथं नेऊन पाहायचं आणि अडलं तर आधार केंद्रात ठसे नव्यानं द्यायचे. हे राहून गेलं की महिन्याभरात घरातलं धान्य संपतं, आणि नातवंडं आई-बापाकडे पाठवावी लागतात.

सगळ्यात मोठं ऋण जातीच्या दाखल्याचं. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर शाळेचा उतारा येणार कुठून? तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढायची. पण त्यासाठी कुटुंब त्या काळी कोणत्या गावात होतं, आजोबांचं नाव तिथं कसं लिहिलं असेल, हे माहीत हवं. ते कुठल्याच संगणकात नाही. आबा, ते तुमच्या आठवणीत होतं. नावातला काना-मात्रेचा फरक मात्र अर्ज देण्याआधीच पाहायला हवा, नाहीतर शिष्यवृत्तीच्या वेळी सगळं अडतं.

मूल आई-बापासोबत गेलंच, तर शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 5 प्रत्येक घरी सांगायचं, हा आग्रह ताईंचा. मुख्याध्यापकांनी शाळा बदलाचा दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, राज्याबाहेरही.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली तर एकही बाई येत नाही, हे भाऊंनी वेळेवर सांगितलं.

भोंगऱ्याला, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजार-उत्सवाला, मंडळी गावी परततील. मुलं होळीनंतर लगेच वर्गात बसावीत, यासाठी परतलेल्या मुलांची यादी करायला पुन्हा तुमच्याच ओट्यावर येऊ. वही आम्ही आणतो, नावं तुम्ही सांगा.

आपले,
संस्थेचे कार्यकर्ते