रेट नको कमी करू, काम लहान कर

चिऊ,

काल फोनवर म्हणालीस की क्लायंट एकामागून एक "पुढच्या क्वार्टरला बघू" म्हणतायत आणि तू चित्रांचा रेट निम्म्यावर आणायचा विचार करतेयस, तेव्हा बाजूला माणसं होती म्हणून मी नुसतं हं हं केलं. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही पण जन्मभर दुसऱ्यांची खाती लिहिलीयेत, त्यामुळे हिशोबातलं कळतं.

रेट कमी करू नकोस बाई. मंदीत उतरवलेला रेट नंतर वर चढवताना जीव जातो, तोच क्लायंट मग म्हणतो मागच्या वेळी तर एवढ्यात केलं होतंस. आणि ज्यांनी पूर्ण पैसे मोजून तुझी चित्रं घेतली त्यांना काय वाटेल ते वेगळंच. त्यापेक्षा काम लहान कर. बजेट नाही म्हणाले ना, मग दहाऐवजी सहा चित्रं, रंगीतऐवजी लाइन ड्रॉइंग, करेक्शनचे राउंड दोनच. मोठा कॅनव्हास कोणी घेत नसेल तर छोटी चित्रं काढ, प्रिंट्स काढ.

आणि मला खरी काळजी कामापेक्षा पेमेंटची आहे. कंपन्यांना पैसे वाचवायचे असले की जाहिरातीवर आधी कात्री लागते आणि आधीच झालेल्या कामाचं बिलही लटकतं, फ्रीलान्सरचं तर हमखास. त्यामुळे कागदावर कमाई दिसते आणि खात्यात खडखडाट. निम्मा अॅडव्हान्स आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही, बिलावर तारीख घालायची, आणि बाकी जमा होईपर्यंत पूर्ण साइजची फाइल द्यायची नाही, छोटी, वॉटरमार्कवाली दाखवायची. ओळखीचा असला तरी. ओळखीचेच जास्त बुडवतात!

गॅलरीचं पण बघ. विक्रीतला निम्मा वाटा त्या घेतात ते चालायचंच, पण न विकलेली चित्रं तुझीच आहेत हे लेखी आहे का? चित्राचं नाव, साइज, किंमत अशी यादी करून त्यांची सही घे. गॅलरी बुडाली की घेणेकरी दारात येतात आणि भिंतीवरचं कोणाचं हे सिद्ध करत बसावं लागतं.

शिकवण्या घेतल्या तर कमीपणा येईल म्हणालीस, ते काही मला पटलं नाही. अमेरिकेतल्या 1930 च्या दशकातल्या महामंदीचं थोडं वाचलं मी. तो रोथको, पुढे मोठा चित्रकार म्हणून गाजलेला, 1929 पासून वीसेक वर्षं शाळेतल्या पोरांना चित्रकला शिकवत होता. 1935 ला तिथल्या सरकारने फेडरल आर्ट प्रोजेक्ट काढला, चित्रकारांना आठवड्याला साधारण 23-24 डॉलर पगार, त्यात पुढे नावाजलेला पोलॉकही होता आणि तसाच डी कूनिंगही, पण डी कूनिंगकडे नागरिकत्व नव्हतं म्हणून 1937 ला त्याला ते सोडावं लागलं. 1943 ला सगळंच बंद झालं. म्हणून ग्रँट, फेलोशिप दिसेल तिथे फॉर्म भर पण नियम आधी वाच आणि घर त्या भरवशावर चालवू नकोस. आयर्लंडने 2022 मध्ये 2000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो द्यायला सुरुवात केली, तेसुद्धा लॉटरी काढून! अर्ज करून नंबर न लागलेले किती असतील बघ. शिकवणीचे पैसे थोडे असतील पण महिन्याच्या महिन्याला येतात, आणि सकाळचे दोन तास चित्राला राखून ठेवलेस की झालं.

क्रेडिट कार्डावर रंग घ्यायचे नाहीत, यावर मी काही ऐकून घेणार नाही. चित्रं काढायच्या त्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन मात्र चालू ठेव, त्यावर काम येतं. नवा टॅबलेट सध्या राहू दे.

गेल्या वर्षभराची सगळी बिलं आणि बँक स्टेटमेंट मला मेल कर. रविवारी बसते मी, कोणाकडून किती यायचंय त्याची यादी करते, आणि पैसे द्यायला टाळाटाळ करणाऱ्या त्या क्लायंटला काय लिहायचं त्याचा मेल पण मीच लिहून देते, तू फार गोड लिहितेस.

आई