संशोधनग्रंथांना सूची का नसते?

संपादक महोदय,

नागपूरकर भोसल्यांवरचे एक जाडजूड पुस्तक नुकतेच बर्डीवरून आणले. बांधणी उत्तम, मुखपृष्ठ देखणे, मागे संदर्भग्रंथांची भलीमोठी यादी. फक्त सूची, म्हणजे कुठले नाव कुठल्या पानावर आहे ते सांगणारी शेवटची अकारविल्हे यादी, तेवढी नाही. मला हवे होते दुसरे रघूजी. या घराण्यात रघूजी तीन: पहिले १७५५ साली गेले, दुसऱ्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६, आणि तिसरे १८५३ मध्ये वारले तेव्हा इंग्रजांनी राज्यच खालसा केले. पुस्तकात मात्र जिथे तिथे नुसते ‘रघूजी’. प्रत्येक पानावर आधी हे कुठले रघूजी ते ठरवा, मग आपल्या कामाचे वाक्य शोधा. सूचीत तिघांच्या तीन नोंदी असत्या तर ही झटापट करावी लागली नसती.

विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्याच्या बाबतीत तर आणखी घोळ. त्यांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा जो ताम्रपट अभ्यासक ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखतात, तो दिला गेला नंदिवर्धनाहून. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आपले नगरधन, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आता नगरधनचा माणूस आपल्या गावचा इतिहास शोधायला ‘पुणे’ या शब्दाखाली कशाला जाईल? ‘नगरधन : पाहा नंदिवर्धन’ एवढी एक ओळ सूचीत असली की पुरते. पण ती ओळ विषय कळणाऱ्या माणसालाच सुचते, संगणकाला शब्द शोधायला सांगून ती मिळत नाही.

प्रकाशकांपाशी विषय काढला की उत्तर ठरलेले: ‘असली पुस्तके वाचतो कोण, साहेब?’ त्यांनी दसऱ्याला एकदा दीक्षाभूमीवर चक्कर मारावी. इतिहासाची, कायद्याची, धर्मचिकित्सेची पुस्तके लोक तिथून पिशव्या भरभरून नेतात, आणि त्यांत हातावर पोट असलेलेही असतात.

खरी गोम दुसरीच आहे. पाने लागल्याशिवाय, म्हणजे मजकूर पानांत बसून पानांना क्रमांक पडल्याशिवाय, सूची करता येत नाही. पाने लागेस्तोवर लेखक कंटाळलेला असतो आणि प्रकाशकाला छपाईची घाई झालेली असते. त्यात प्राध्यापक मंडळींची काही पुस्तके निघतात ती बढतीच्या गुणांसाठी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मिळाला की गंगेत घोडे न्हाले! पीएच.डी.चा प्रबंध ‘गृहीतके’ आणि ‘संशोधनाची व्याप्ती’ यांच्यासकट जसाच्या तसा छापून मोकळे होतात. तिथे सूचीची अपेक्षा कोणी करायची?

संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या डीटीपीवाल्यांची एक सबब पूर्वी खरी होती. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे. मग शब्द अकारविल्हे लावायला संगणकाला सांगितले की ‘किल्ला’, ‘निजाम’, ‘शिलालेख’ सगळे वेलांटीपाशी गोळा व्हायचे. युनिकोड आल्यापासून ती अडचण उरलेली नाही. कागदाचा खर्च म्हणाल, तर चारशे पानांच्या पुस्तकाला सूचीची आठ-दहा पाने लागतील. सोळा पानांचा एक फॉर्मासुद्धा भरायचा नाही.

बरे, मराठीला हे नवे आहे म्हणावे तर तेही नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश मंडळ काढले ते याच नागपुरात. काम पुढे पुण्याला गेले. त्या ज्ञानकोशाचा एक अख्खा खंड सूचीचा आहे, तोही खिळे जुळवून छापायच्या काळातला. शं. ग. दात्यांनी तर मराठी ग्रंथांचीच सूची करण्यात आयुष्य घातले. एवढी परंपरा असलेल्या भाषेत आज साडेपाचशे रुपये मोजून घेतलेल्या ग्रंथात नाव शोधायला पहिल्या पानापासून बोट फिरवत बसायचे, हे काही पटत नाही.

प्रकाशकांना सांगून उपयोग नाही, म्हणून आपल्याला लिहितो. आपल्या रविवारच्या पुरवणीत परीक्षणाखाली चौकट असते: लेखक, प्रकाशक, पाने, किंमत. कथा-कादंबऱ्या सोडून द्या. इतिहास, समाज, विज्ञान, संस्कृती या विषयांवरच्या पुस्तकांसाठी त्या चौकटीत ‘सूची : आहे / नाही’ एवढी ओळ वाढवता येईल का? आणि ती भरताना परीक्षकांनी मागची पाने उलटून बघावीत. पुष्कळ पुस्तकांत पुढची अनुक्रमणिकाच ‘सूची’ म्हणून खपवलेली असते.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर